दीवहून आलेला चुडो

आमच्या भोजाईच्या दंडावर हस्तिदंती चुडो होता. भोजाई म्हणजे थोरल्या भावाची बायको. आम्हा गोर, म्हणजे बंजारा, लोकांत वहिनीला असंच म्हणतात. चुडो म्हणजे कोपराच्या वर दंडभर चढवलेल्या पांढऱ्या बांगड्या. नवरा असेपर्यंत त्या हातात राहायच्या, नवरा गेला की उतरायच्या. तांड्यातल्या बाकीच्या बायकांचे चुडे शिंगाचे नाहीतर हाडाचे, बाजारातून घेतलेले. भोजाईचा मात्र खऱ्या हस्तिदंताचा, माझ्या आजीच्या सासूपासून चालत आलेला, आणि वापरून वापरून इतका पिवळा पडलेला की तो हळदीत बुडवून काढलाय असं नव्या माणसाला वाटावं. १९५६ पासून पुढची सहा वर्षं आमच्या तांड्यात कुठलाही विषय निघाला तरी गाडी शेवटी त्या चुड्यावर येऊन थांबायची. तो ठेवायचा की उतरवायचा?

आमचा तांडा फुलसावंगीच्या बाजूला, माळाच्या उतारावर. पूर्वी आमचे लोक लदेणी करत, म्हणजे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलूखभर माल वाहत. किनाऱ्यावरून मीठ वर आणायचं, इकडचं धान्य खाली न्यायचं. राजांच्या फौजा आम्ही वाहिलेल्या धान्यावर लढल्या. मी पुढे शाळेत इतिहास शिकवला, म्हणून सांगतो: पुस्तकांत राजे आहेत, फौजा आहेत, तहसुद्धा कलमवार आहेत, पण त्या धान्याच्या बैलाचं शेपूटही कुठे दिसत नाही. आगगाडी आली आणि लदेणी बसली. मग आम्ही जमीन धरली, कापूस-तूर-ज्वारी पेरू लागलो, आणि कुणबी शेजाऱ्यांसारखे आभाळाकडे बघायला शिकलो.

माझ्या भावाला जमीन मानवली नाही. तो एका जिनिंगवाल्याच्या ट्रकवर लागला. "बैल गेले त गेले, वाट त तीच हाये ना," असं म्हणायचा. आमचं घरातलं बोलणं गोरबोलीत चालायचं. वाचणाऱ्याची पंचाईत नको म्हणून मी ते इथे वऱ्हाडीत देतो आहे, आणि वऱ्हाडीही आमचीच आहे.

भाऊ डावखुरा होता. ही गोष्ट बारीक वाटेल, पण लक्षात ठेवावी लागेल. लदेणीची एक गाठ असते. ओझं हललं की ती आवळते, आणि शेपटीला, म्हणजे दोराच्या मोकळ्या टोकाला, एक हिसका दिला की सुटते. आमच्या तांड्यात ती बापाने लेकाला शिकवायची अशी रीत. बैल गेले तरी गाठ राहिली. आम्ही तिने कडबा बांधतो, खाटा विणून ताणतो. भाऊ ती उलट्या हाताने बांधायचा, त्यामुळे तिची शेपटी उजवीकडे यायच्या ऐवजी डावीकडे यायची. आमचे नायककाका, म्हणजे तांड्याचे नायक आणि आमच्या बापाचे चुलतभाऊ, त्याला हटकायचे, "लेका, बैल कोन्या बाजूनं सोडशीन?" भाऊ हसायचा आणि तशीच बांधायचा. ट्रकवरची दोरी पाहून हा माल कोणी बांधला ते भोजाई लांबूनच ओळखायची.

माझे आईबाप माझ्या लहानपणी गेले. भोजाई लग्न होऊन आली तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची असेल आणि मी सात. तिने मला न्हाऊ घातलं, उवा काढल्या, फुलसावंगीच्या शाळेत रोज ढकलून पाठवलं. एकदा मी शाळा बुडवून नाल्यात मासे धरत बसलो, तर तिने तुरीच्या काडीने पायावर वळ उठवले आणि मग रात्री त्याच वळांना तेल लावत बसली. तिला स्वतःचं मूल झालं नाही. जे काही आईपण होतं ते माझ्या वाट्याला आलं. तिला मी भोजाई म्हणत असलो तरी माझ्या मनात ती माझी याडी, आईच होती, आणि पुढचं सगळं या एका गोष्टीवर अडलं.

पंचावन्नच्या पावसाळ्यात भाऊ ट्रकवर रुई घेऊन अहमदाबादेला गेला. तिथे धर्मशाळेत सत्याग्रहाला निघालेली माणसं उतरली होती. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोवा, दमण आणि दीव या मुलखांत झेंडा घेऊन शिरायचं, मारलं तर मार खायचा, धरलं तर तुरुंगात जायचं, असा तो सत्याग्रह. ही तुकडी दीवला चालली होती. भाऊ त्यांच्याशी दोन दिवस बोलला आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या गाडीत चढला. ट्रकच्या ड्रायव्हरला म्हणाला, "चार रोजात येतो. घरी सांगजो." ड्रायव्हर एकटाच परत आला, आमच्या दारात उभा राहून त्याने एवढंच सांगितलं आणि पाणीही न पिता गेला.

मला आधी रागच आला. आता लपवून काय करायचं? ज्याने आयुष्यात कधी समुद्र पाहिला नाही, ज्याला दीव हे गाव आहे की दिवा हे सांगता आलं नसतं, त्याला काय पडलं होतं? भोजाईला मी तसं म्हणालो. ती ज्वारी निवडत होती. "वाटंनं कोनी चाललं का त्याईच्या संगं चालाचं, हे त्याच्या रगतातच हाये. तुह्या नाई का?" एवढं बोलून तिने सूप पाखडलं. माझा राग काही गेला नाही.

वर्ष उलटलं. छपन्नची दिवाळी झाली आणि नसाब बसली. नसाब म्हणजे आमची पंचायत. नायककाका म्हणाले, "वरीस झालं. असता त आला असता. बाईचं वय हाये, घरात दीर हाये. चुडो उतरवा अन् चादर टाका." चादर टाकायची म्हणजे विधवा भावजयीला दिराच्या घरात बायको म्हणून बसवायचं. ही आमची जुनी रीत. तिच्यात वाईट काही नव्हतं. बाई उघड्यावर पडू नये म्हणून शहाण्या माणसांनीच ती घातली होती. पण रीत घालणाऱ्यांनी माझ्या पायावरचे वळ आणि त्यांच्यावर लावलेलं तेल पाहिलेलं नव्हतं. मी वीस वर्षांचा, मान खाली घालून बसलो होतो आणि माझे कान तापले होते. नाही म्हटलं तर तांड्याबाहेर, हो म्हटलं तर त्या माउलीच्या तोंडाकडे पाहायचं कसं?

बायका नसाबीत बोलत नसत. त्या दिवशी भोजाई बायकांच्या घोळक्यातून उठली, डोक्यावरची ओढणी पुढे ओढली आणि म्हणाली, "कोनं पाह्यलं?"

तिने आमच्याच रितीवर बोट ठेवलं होतं. लदेणीच्या काळात एकदा असं झालं होतं म्हणतात. मिठाला गेलेला एक जण पटकीने मेला अशी बातमी उडत उडत आली. तांड्याने त्याच्या बायकोचा चुडो उतरवला आणि तिला दिराच्या घरी बसवलं. तिसऱ्या महिन्यात तो माणूस मिठाच्या गोण्या लादलेले बैल घेऊन तांड्यात हजर! त्याने आपल्या घराकडे पाहिलं, मीठ उतरवलं, बैल वळवले आणि गेला तो कायमचा. तेव्हापासून आमच्या तांड्यात नियम पडला की वाटेवर गेलेल्या माणसाचा चुडो ऐकीव बातमीवर उतरवायचा नाही. ज्याने डोळ्यांनी मरण पाहिलं, त्याने स्वतः तांड्यात येऊन, नायकासमोर उभं राहून ते सांगितलं पाहिजे.

"मले चुडो जड नाई झाला," भोजाई म्हणाली. "पाहनारा येऊ द्या, म्या माह्या हातानं उतरवतो."

नायककाका वाईट नव्हते. त्यांनी मिशी चावली, इकडेतिकडे पाहिलं आणि निवाडा दिला की साक्ष येईपर्यंत थांबावं, आणि तोपर्यंत दिराचंही लग्न कुठे जमवू नये. म्हणजे गाडीत रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा मी धरून ठेवला गेलो.

त्याच सुमाराला मला आर्णीच्या शाळेत मास्तरकी लागली. शाळेत भिंतीवर एक नकाशा होता, कडा उंदरांनी खाल्लेल्या. त्यावर दीव शोधायला मला बराच वेळ लागला. सौराष्ट्राच्या पोटाखाली एक ठिपका होता, आणि तो शाईचा आहे की माशीचा याची मला खात्री होईना. पाठ्यपुस्तकात त्या बेटाला एक ओळ होती. त्या ओळीत माझा भाऊ हरवला होता, म्हणून मी दिसेल ते वाचायला लागलो. यवतमाळच्या वाचनालयात जाऊन बसायचो, ग्रंथपाल दिवे मालवायला लागला की उठायचो. आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की मिळेल त्या गाडीने तांड्यावर जाऊन भोजाईला सांगायचो. ती चुलीपुढे बसायची, मी उंबऱ्यावर. आठवड्याला एक पाठ. माझ्या शाळेतल्या एकाही पोराने इतका कान देऊन इतिहास ऐकला नाही.

तिला मी सांगितलं की दीव हे बेट एवढंसं, जमिनीपासून उथळ खाडीने तुटलेलं. गुजरातचा सुलतान मोगलाला भ्याला. त्याला वाटलं, दर्यावरचे हे फिरंगी आपल्याला मदत करतील. म्हणून त्याने त्यांना बेटाच्या टोकावर किल्ला बांधू दिला. मदत काही मिळाली नाही, किल्ला मात्र उभा राहिला. पुढे सुलतान बोलणी करायला त्यांच्या गलबतावर गेला आणि परतताना समुद्रातच संपला.

"घरात जागा देल्ली, मंग काय व्हईन!" भोजाई म्हणाली.

मग तुर्कांचं आरमार आलं, वेढा पडला, आणि तुर्क हात हलवत परत गेले. काही वर्षांनी पुन्हा वेढा पडला. या खेपेला सुरुंगांनी तट पडले, तेव्हा आतल्या बायकांनी दगड वाहून भगदाडं बुजवली, आणि ऐन पावसाळ्यात समुद्रातून मदत येऊन पोचली. किल्ल्याच्या तीन बाजूंना समुद्र, चौथीकडे कातळात खोदलेला खंदक. समोर पाण्यातच आणखी एक छोटा किल्ला, नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजासारखा. त्यानंतर चारशे वर्षं फिरंग्यांना तिथून कोणी हलवू शकलं नाही. बाहेर राज्यं आली न् गेली, मराठे आले, इंग्रज आले न् गेले, आपला झेंडा लागला, आणि या एवढ्याशा ठिपक्यावर परक्याची तोफ तशीच रोखलेली.

ती सगळं ऐकायची आणि मग वाहतूकदाराच्या घरातली बाई विचारील तसे प्रश्न विचारायची. गोडं पाणी कुठून येतं? दाणागोटा कोण नेतं? खाडी पार कोण करतं? मला ते कुठल्याच पुस्तकात सापडत नव्हतं. मी चिडायचो. "राजा कोन होता ते इचार ना!" ती शांतपणे भाकर उलटायची. "राजा मेला ना बापू. पानी देनारा जिता असन. जिथं माल जाते, तिथून बातमी येते."

अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात मला एके ठिकाणी वाचायला मिळालं की दीवचा खरा धंदा हस्तिदंताचा होता. गुजरातचं कापड गलबतांतून आफ्रिकेला जायचं आणि बदल्यात हत्तीचे दात यायचे. ते दीवच्या बंदरात उतरायचे, तिथून कारागिरांकडे जायचे, आणि त्यांचे चुडे होऊन देशभर विकले जायचे. हाच चुडो दीवहून आला असं मी शपथेवर सांगू शकत नाही. मास्तर आहे, पुराव्याशिवाय बोलायची सवय नाही. पण आमच्या पणज्यांचे बैल त्या किनाऱ्यावर मिठाला जात होते आणि हस्तिदंताला दुसऱ्या वाटा फारशा नव्हत्या.

भोजाईला हे सांगितलं तेव्हा ती उठून उजेडात गेली. ओढणी सारून तिने दंड पाहिला, बांगड्या एकेक करून फिरवल्या. तिला मी रडताना कधी पाहिलं नव्हतं आणि तेव्हाही ती रडली नाही.

"म्हंजे हे तिथून आलं अन् तो तिथं गेला," ती म्हणाली. "सौदा अर्धाच झाला मंग. त्याईचं इथं, माहं तिथं. कोनतं तरी एक परत जाले पायजे."

दरम्यान सत्याग्रहातली बरीच माणसं सुटून आली होती. मी नागपूरला गेलो, अकोल्याला गेलो, सुटून आलेल्यांना भेटलो. ते गोव्याच्या तुरुंगांतले होते, भले लोक होते, चहा पाजून त्यांनी माझी समजूत घातली. दीवचं कुणालाच माहीत नव्हतं. एकोणसाठ साली नसाब पुन्हा बसली. नायककाका थकले होते आणि लोकांचा धीर सुटला होता. "सुटनारे सुटले, हा काहून नाई आला?" भोजाईने पुन्हा तेच विचारलं, कोणी पाहिलं? या वेळी मीही उठलो आणि म्हणालो की माझ्या अंगावर चादर टाकायची असेल तर आधी मला तांड्याबाहेर काढा. बराच गोंधळ झाला. शेवटी नियम मोडायची हिंमत कोणाची झाली नाही आणि बैठक उठली. भोजाई तेव्हा तिशीला आली होती. तिच्या बरोबरीच्या बायकांना सुना यायची वेळ झाली होती, आणि ती अर्ध्या कुंकवावर दिवस काढत होती. तिच्याकडे पाहून माझा जीव तुटायचा, आणि भावावरचा राग पुन्हा उसळायचा.

एकसष्टचा डिसेंबर. आर्णीचा बाजार कापसाच्या गाड्यांनी भरला होता. दुपारच्या सुटीत मी चहाच्या टपरीवर होतो आणि तिथल्या रेडिओने सांगितलं की गोवा, दमण, दीव मुक्त झाले. गाडीवानांनी टाळ्या वाजवल्या, टपरीवाल्याने सर्वांना गुळाचा चहा फुकट दिला. मी कप तसाच फळीवर ठेवून शाळेकडे निघालो. मुलांना मी त्या दिवशी नकाशावर ठिपका दाखवला आणि सांगितलं की हा आता आपला. एका पोराने विचारलं, "गुर्जी, हे एवढुसंच?" मी मान हलवली आणि वर्ग सोडून दिला.

बासष्टच्या उन्हाळी सुटीत आम्ही दोघं निघालो. नायककाकांनी स्वतः ज्वारीचं पीठ आणि मिरच्या बांधून दिल्या. भोजाईने ठेवणीतला फेट्या, म्हणजे घेरदार घागरा, घातला, आरशांची कांचळी, म्हणजे चोळी, घातली, कानांवर चांदीच्या घुगऱ्या लटकवल्या. आगगाडीत लोक तिच्याकडे टकमका पाहत होते, आणि ती मात्र खिडकीतून उलट्या पळणाऱ्या बाभळी पाहत होती. गाड्या बदलत, फलाटांवर भाकरी थापत आम्ही ऊन्याला पोचलो आणि तिथून खाडीच्या काठाला. भोजाईला तिकडच्या लोकांचं बोलणं माझ्याआधी समजायला लागलं. गोरबोली आणि गुजराती या मावसबहिणीच. तिला वाटाड्या लागला नाही. त्या मुलखात ताडाच्या झाडाला फांद्या फुटतात. तिने असं झाड पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती हसली, आणि एवढ्या वाटेत तेवढंच हसली.

खाडीकाठी पलीकडे नेणाऱ्या होड्या बांधलेल्या होत्या. मी भाडं विचारायला पुढे झालो. मागे पाहिलं तर भोजाई जागच्या जागी उभी होती, एका जुन्या होडीच्या दोराकडे बघत. खुंटाला मारलेली गाठ होती. आमची लदेणीची. शेपटी डावीकडे होती.

तिने वाकून शेपटीला हिसका दिला. गाठ सुटली आणि होडी पाण्यावर हलली. होडीवाला ओरडत धावत आला. चाळिशीचा, काळाकुळकुळीत खारवी. भोजाईने त्याच्या हातात दोर दिला आणि विचारलं, "हे तुले कोनं शिकवलं?"

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग तिच्या दंडाकडे, आणि तो खाली वाळूत बसला. मग तो सांगू लागला. पंचावन्न साली सत्याग्रह्यांना रात्री पलीकडे सोडलं म्हणून त्यालाही पकडलं होतं. किल्ल्याच्या तुरुंगात तो आणि एक दूरदेशीचा माणूस एकाच कोठडीत होते. तो माणूस आपल्यासारखंच काहीतरी बोलायचा, म्हणून त्यांचं जमलं. फाटक्या चादरीच्या चिंध्या पिळून त्याने ही गाठ शिकवली. म्हणायचा, सुटलो की तू होडी बांध, मी ट्रक बांधीन. छपन्नच्या पावसाळ्यात त्याला ताप भरला. चार दिवस तो शुद्धीवर नव्हता. पाचव्या दिवशी सकाळी याच्याच मांडीवर त्याने मान टाकली.

म्हणजे पहिली नसाब बसली, तिने "कोनं पाह्यलं" म्हणून विचारलं, तेव्हा तो गेलेला होता आणि पाहणारा इथे कोठडीत बसला होता.

त्याच होडीने आम्ही पलीकडे गेलो. किल्ल्यावर आता आपले जवान होते. ज्या तटांबद्दल मी पाच वर्षं उंबऱ्यावर बसून बोललो, ते समोर होते. खंदक होता, पाण्यातला छोटा किल्ला होता, तोफा गंजून पडल्या होत्या. मला त्यातलं काही बघवेना. चारशे वर्षांचा एवढा मोठा इतिहास, आणि माझ्या घरापुरता तो एका अंधाऱ्या खोलीत संपला होता. खारव्याने ती कोठडी लांबून दाखवली. मग त्याने आम्हाला किल्ल्यामागची वाळू दाखवली, जिथे भावाला शेवटचं पोचवलं होतं. वाळूवर खूण काही उरली नव्हती. भोजाई तिथे बसली. तिने समुद्राचं पाणी ओंजळीत घेऊन तोंडाला लावलं आणि म्हणाली, "मीठच हाये." मी गुडघ्यांत तोंड खुपसून रडलो. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

परत येताना खारवी म्हणाला की मी तुमच्या तांड्यात येतो, तुमच्या नायकासमोर उभा राहतो, त्या भल्या माणसासाठी एवढं करणं माझं कामच आहे. त्याला रीत भावानेच कधीतरी सांगितलेली होती. मी म्हटलं, हो, या. भोजाईने मला हाताने थांबवलं. तिने त्याच्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "तू माहा भाऊ झालास. पन तू येऊ नको."

मला काही कळेना. आगगाडीत बसल्यावर मी तिला विचारलं. सुरत मागे पडली तेव्हा तिने उरलेली भाकर सोडून माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "तो आला त चुडो उतरन. चुडो उतरला का सांजच्याले नायक तुह्या अंगावर माही चादर टाकन. तू नाई म्हनशीन, तुले तांड्याबाहेर काढतीन. तू माहा लेक हायेस ना? मंग?" थोड्या वेळाने ती म्हणाली, "तो गेला हे मले समजलं, तुले समजलं. तांड्याले कायले सांगाचं?"

"अन् तू?" मी विचारलं. "जन्मभर?"

"मले चुडो जड नाई झाला," ती म्हणाली.

तांड्यावर आलो, नसाब बसली. भोजाईने सांगितलं की किल्ला पाहून आलो, लोक सुटले आहेत, तुरुंग रिकामा आहे. नायककाकांनी विचारलं, "साक्ष देनारा?" तिने मागे वळून वाटेकडे पाहिलं, जणू कुणी येतंय का बघावं, आणि म्हणाली, "संगं त कोनी आलं नाई." त्यात एक शब्द खोटा नव्हता. नायककाकांनी तिच्या दंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं असावं असं मला आजही वाटतं. मग त्यांनी सांगितलं की किल्ल्यापर्यंत जाऊनही साक्ष मिळाली नाही तर बाई सवाशीणच धरायची, आणि पोराला आता अडवून ठेवू नये.

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं, पैनगंगेच्या बाजूच्या तांड्यात. आमच्याकडे नवरीला चुडो भरायला सासरची सवाशीण लागते. भोजाई त्या मानाने वऱ्हाडात आली. मी शिंगाचा नवा चुडो घेऊन ठेवला होता. ऐन वेळी तिने तो बाजूला सारला, थोडं तेल घेतलं आणि आपल्या दंडावरचा हस्तिदंत एकेक करून उतरवू लागली. दंडावर पांढरे वळ उठले होते. मग तिने तोच चुडो माझ्या बायकोच्या हातात भरला आणि शिंगाचा आपण चढवला. बायका म्हणाल्या, केवढं मन म्हणायचं बाईचं! तिने माझ्या भावाचा चुडो स्वतःच्या हाताने उतरवला होता, सांगितल्याप्रमाणे, आणि त्या मांडवात हे फक्त मला माहीत होतं.

आमच्यात नवरी निघताना ढावलो म्हणते, म्हणजे माहेरच्यांच्या गळ्यात पडून सूर लावून रडते, आणि भोवतालच्या बायका तिला साथ देतात. माझ्या बायकोने ढावलो सुरू केला. साथीत एक आवाज वर चढला आणि मग थांबेचना. तो भोजाईचा होता. मी जन्मात पहिल्यांदा तिला रडताना ऐकत होतो. ती खांब धरून खाली बसली आणि असा काही हंबरडा फोडला की नवरी आपलं रडणं विसरून तिच्याकडे बघायला लागली. नवरीकडची एक म्हातारी हसून म्हणाली, "पाहा वं, नवरीहून नवरदेवाची भोजाई जास्त रडून राह्यली!" सगळा मांडव हसला. मी पागोटं बांधून उभा होतो. सात वर्षं माझ्या भावासाठी कोणी मोठ्याने रडलं नव्हतं, आणि मी पुढे होऊन त्या बायकांना म्हणालो, "रडू द्या तिले. हसू नका."